डोलकाठीची तपासणी

मी तेहतीस वर्षे बॉयलर तपासनीस होतो. कारखान्यांतले बॉयलर तपासायचे आणि ते पुढचे वर्षभर चालवण्यास योग्य आहेत की नाहीत हे लिहून द्यायचे, एवढेच माझे काम होते. ‘योग्य’ असे मी सहजासहजी लिहीत नसे. त्यामुळे कारखानदार माझ्यावर नाराज असत आणि माझ्या हद्दीतला एकही बॉयलर फुटला नाही. निवृत्तीनंतर पत्नी वारली आणि मी मुलाकडे न्यूझीलंडला, टाकानिनीला, राहायला आलो. तिथे सगळेच नवे होते: वसाहत नवी, रस्ते नवे, झाडे कमरेएवढी. तपासण्यासारखे काही नव्हते. घरातला गॅसचा गीझर मी पहिल्याच आठवड्यात पाहून घेतला होता.

ही हकिगत दोन हजार सहाच्या सुमाराची, जानेवारीतली, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यातली. ऑकलंडमधल्या एका मराठी मंडळाने तरुण मुलांसाठी शिडाच्या जहाजावर एका दिवसाची सफर ठरवली. मुलांनी शिडे ओढावीत, दोरांच्या गाठी शिकाव्यात, डेकवर खेळ खेळावेत आणि संध्याकाळी घरी यावे, अशी योजना होती. मुले अडतीस होती. जहाजाच्या नियमाप्रमाणे त्यांच्याबरोबर चार मोठी माणसे पुरेशी होती. मंडळाने तेवीस पाठवली.

त्या तेवीसांत मी होतो, आणि अडतीसांत माझी नात. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचा जन्म तिथलाच. मराठी तिला सगळे कळे. उत्तर ती इंग्रजीत देई. तिचे बोलणे मी इथे मराठीत देतो आहे. त्या एका दिवसाच्या सफरीचे तिला फारसे काही नव्हते. हेच जहाज हिवाळ्यात निवडक मुलांना दहा दिवस समुद्रावर नेत असे. तिला तिथे जायचे होते. त्यासाठी एक अट होती. पुढच्या डोलकाठीवर, डेकपासून सुमारे चार मजले उंच, एक अर्धगोल फळी बसवलेली होती. तिथपर्यंत जो एकदा चढून दाखवील त्याचेच नाव कप्तान यादीत घेई. आणि चढण्यासाठी पालकांची लेखी संमती लागे.

संमतीपत्रात ते सातवे कलम होते. मंडळातले एक गृहस्थ संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी सर्व पालकांना ईमेल पाठवून कलम सात खोडावे असे कळवले. कसे खोडावे याचा नमुनाही जोडला होता. सदतीस घरांतून ते कलम पट्टी लावून खोडले गेले. आमच्या घरातूनही खोडले गेले, परंतु नातीने तीन दिवस जेवणाच्या टेबलावर तोंड उघडले नाही, तेव्हा मुलाने खाली एक ओळ वाढवली: सोबत असलेल्या आजोबांनी डोलकाठी तपासून ती सुरक्षित असल्याचे लेखी दिल्यास परवानगी आहे.

स्वयंपाकघरात तो सुनेला म्हणत होता, ते मला ऐकू आले.

“अगं, दिलंय लिहून. काळजी करू नकोस. बाबांनी आयुष्यात कशाला सेफ म्हटलंय? लहानपणी आमच्या झोपाळ्यालासुद्धा नाही म्हटलं.”

त्या झोपाळ्याच्या कड्या झिजलेल्या होत्या.

सफरीच्या दिवशी सकाळी गाडीत नात माझ्या शेजारी बसली होती.

“आजोबा, तुम्ही सही करणार ना?”

“तपासल्यावर सांगतो.”

“म्हणजे नाही.”

“म्हणजे तपासल्यावर.”

बंदर येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली.

धक्क्यावर आठ वाजता सगळे जमले. मंडळाच्या सचिव एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होत्या. त्यांनी बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या एका ताटात मांडल्या होत्या आणि मुलांची रांग लावली होती. मुले तीर्थाला करावा तसा हात पुढे करीत, गोळी तोंडात टाकीत, पाणी पीत आणि पुढे सरकत. व्यवस्था चांगली होती. तिच्यात दोष एकच होता. प्रत्येक आईने तीच गोळी घरून निघताना मुलाला दिलेली होती, कारण तसे करावे असा निरोप मंडळाच्या अध्यक्षांनी आदल्या दिवशी ईमेलने पाठवला होता. अध्यक्ष हाडांचे डॉक्टर होते. सचिवांना विचारण्याची त्यांना गरज वाटली नव्हती आणि त्यांना सांगण्याची सचिवांना. मुलांपैकी कोणी काही बोलले नाही. मोठ्यांनी दिलेली गोष्ट दोनदा मिळाली तर ती दोनदा घ्यायची, असे त्यांचे संगोपन झाले होते.

नातीला घरी गोळी मिळाली नव्हती. सून इस्पितळात नर्स आहे. ती पहाटेच कामावर गेली होती आणि मुलगा विसरला होता. धक्क्यावरची गोळी नातीने तोंडात घेतली, पाणी प्यायली, चार पावले चालली आणि ती पाण्यात थुंकली. मी पाहिले.

“काका, गोळ्या खरं तर मुलांसाठीच आहेत, पण तुम्हाला हवी का?” सचिवांनी ताट माझ्यापुढे धरले.

“नको. मला बोट लागत नाही.”

“आधी कधी गेलात बोटीनं?”

“नाही.”

त्यांनी ताट मागे घेतले.

जहाजाची कप्तान एक धिप्पाड बाई होती. पायात रबरी चपला, ज्यांना तिथे जँडल्स म्हणतात. डेकवरचा मुकादम साठीच्या आसपासचा माओरी गृहस्थ होता. ‘किया ओरा’ म्हणून तो प्रत्येकाचा हात हातात घेई आणि त्या हाताला दोर ओढता येईल की नाही याचा अंदाज घेई. माझा हात त्याने जरा जास्त वेळ धरला. मग सोडला.

वारा ईशान्येचा आणि बेताचा होता. मुलांनी पहिले शीड उत्साहाने चढवले. दुसरे शीड अर्ध्यावर असताना एक सोळा वर्षांचा मुलगा दोर हातात धरूनच खाली बसला आणि झोपला. त्याच्या मागचा त्याच्या पाठीवर डोके टेकून झोपला. पंधरा मिनिटांत रांगेतले सगळे झोपले. काही जण डब्यांच्या पिशव्यांवर, काही दोरांच्या वेटोळ्यांत, दोन मुली जहाजाच्या घंटेखाली. साडेदहा वाजेपर्यंत सदतीस मुले निजलेली होती. जागी होती ती माझी नात. ती पुढच्या डोलकाठीच्या बुंध्याशी बसून वर पाहत होती.

मंडळाबरोबर पाच डॉक्टर होते. त्यांनी प्रत्येक मुलाची नाडी पाहिली आणि दर पंधरा मिनिटांनी ती पाहावी असे ठरवले. त्यासाठी तक्ता आखून घंटेच्या खांबाला बांधला. त्यांतले एक भूलतज्ज्ञ होते. ते मुलांमधून हात मागे बांधून फिरत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

“रंग उत्तम, श्वास एकसारखा. इतकी चांगली झोप मी कित्येक वर्षांत पाहिली नाही. तीन-चारपर्यंत उठतील आपोआप.”

अध्यक्ष आणि सचिव शिडाच्या सावलीत उभे होते.

“तुम्ही ती ईमेल पाठवलीत, मला सीसी का नाही केलंत?”

“अहो, पण तुम्ही गोळ्या आणणार हे मला कोण सांगणार?”

“मीटिंगमध्ये ठरलं होतं.”

“त्या मीटिंगला मी नव्हतो.”

“अध्यक्ष तुम्हीच होतात, डॉक्टर.”

कप्तानने डॉक्टरांचे म्हणणे ऐकून घेतले. मुलांना धोका नसेल तर परत फिरण्याचे कारण नाही, असे ती म्हणाली. प्रश्न एकच होता. हे जहाज मुलांनी ओढायचे असते. दोन डोलकाठ्यांची शिडे फिरवायला वीस माणसे लागतात, आणि तिचे स्वतःचे खलाशी चार होते. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

अशा रीतीने एक हृदयरोगतज्ज्ञ, दोन बालरोगतज्ज्ञ, एक सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, टौरंगाहून आदल्या रात्री गाडी चालवत आलेले एक दंतवैद्य आणि त्यांच्या पत्नी असे सगळे दोराला लागले. मुकादमाने इंग्रजीत आकडे म्हणायला सुरुवात केली. कोणाचाच मेळ बसेना. प्रत्येक जण आपापल्या सोयीने ओढत होता आणि शेजाऱ्याला सूचना देत होता. शेवटी दंतवैद्य कंटाळून ओरडले, “गणपती बाप्पा,” आणि सगळ्यांनी “मोरया” म्हणत एकदम हिसका दिला. शीड हातभर वर गेले. मुकादमाने हात वर करून सर्वांना थांबवले, तो शब्द दोनदा विचारून घेतला आणि तिथून पुढे दिवसभर जहाज ‘मोरया’वर चालले. झोपलेल्या मुलांपैकी दोघा-तिघांचे ओठ त्या शब्दाला हलत, असे सचिव म्हणाल्या. मी पाहिले नाही.

नंतर कार्यक्रम सुरू झाला. कार्यक्रमपत्रिका छापलेली होती, आणि छापलेली गोष्ट पार पाडलीच पाहिजे यावर मंडळात दुमत नव्हते. अकरा वाजता अध्यक्षांचे भाषण होते. विषय होता ‘जागृत तरुणाई’. त्यांनी ते ध्वनिक्षेपकावरून सदतीस निजलेल्या मुलांना पूर्ण वाचून दाखवले. मध्येच एक मुलगा घोरू लागला, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. त्यानंतर खेळ. बक्षिसे आणलेली होती. ती परत नेणे कोणालाच पसंत नव्हते. तेव्हा खेळ मोठ्यांनी खेळावेत असे ठरले. लिंबू-चमच्याची शर्यत झाली. लिंबे अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून निवडून आणलेली होती आणि गोल होती. जहाज वाऱ्याने एका अंगाला कललेले होते. शिट्टी झाली आणि सगळी लिंबे त्या अंगाला गेली. हृदयरोगतज्ज्ञांचे लिंबू कठड्याच्या फटीतून समुद्रात पडले. चमचा शेवटपर्यंत तोंडातच होता, म्हणून आपण बाद नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. यावर बराच वेळ वाद झाला. पोत्यांच्या शर्यतीत भूलतज्ज्ञ पहिले आले. त्यांना बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. ती त्यांनी उघडून पाहिली आणि कोनमापक जागेवर आहे याची खात्री करून घेतली.

मी या कशात नव्हतो. मी कप्तानकडे गेलो आणि डोलकाठीच्या तपासणीची वही मागितली.

“कशासाठी?”

मी संमतीपत्र दाखवले. तिने मुलाची ओळ वाचली, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“तुम्ही काय करत होता?”

मी सांगितले. तिने वही आणून दिली. वर एवढेच म्हणाली की तीन वाजता शिडे उतरवून बंदराकडे वळायचे आहे, आणि त्यानंतर ती कोणालाही डोलकाठीवर जाऊ देणार नाही. तेव्हा बारा वाजले होते.

वही मी पाऊण तास वाचली. नोंदी व्यवस्थित होत्या. नात माझ्यासमोर उकिडवी बसली होती.

“आजोबा, सगळं ठीक आहे ना त्यात?”

“वहीत ठीक आहे.”

“मग सही करा ना. तुम्ही नुसती सही केलीत तरी चालेल.”

“चालेल. पण ती तपासणी होणार नाही.”

ती उठून गेली. पाच मिनिटांनी मुकादमाकडून एक लाकडी हातोडी घेऊन आली. हातोडी मीच मागितली होती. बॉयलरच्या खिळ्यांवर ठोकून त्यांचा आवाज ऐकायचा, ही आमची जुनी रीत. डोलकाठीच्या बुंध्याशी जेवढे लोखंड होते तेवढे मी ठोकून पाहिले. आवाज भरीव आला. परंतु खालून ठोकून वरचे कळत नाही. आत शिरल्याशिवाय मी कधी एका बॉयलरवरही सही केलेली नव्हती. तोंड इतके अरुंद असे की खांदे तिरके करून सरपटावे लागे. इथे शिरायचे नव्हते, चढायचे होते. मी चढताना कमरेला बांधायचा पट्टा मागितला.

त्याबरोबर खेळ थांबले.

“काका, वय काय तुमचं?” अध्यक्षांनी विचारले.

“एकाहत्तर.”

पाचही डॉक्टर जमले. जहाजाच्या औषधपेटीतून रक्तदाब मोजण्याचे यंत्र आले. आकडा एकशे बावन्न निघाला. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, या वयाला ठीक आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, मुळीच ठीक नाही. भूलतज्ज्ञ म्हणाले, वर जाईपर्यंत तो वाढेलच, तेव्हा आत्ताचा आकडा धरण्यात अर्थ नाही. अध्यक्षांनी माझे दोन्ही गुडघे वाकवून पाहिले आणि वेगळा शेरा दिला.

“वर न्यायला हे गुडघे तयार आहेत. खाली आणण्याबद्दल मी काही बोलत नाही.”

मी सर्वांचे आभार मानले. कप्तानने मुकादमाला माझ्याबरोबर जायला सांगितले. तो माझ्या पाठीमागे एक पायरी खाली राहिला. नात खाली कागद-पेन घेऊन उभी राहिली. पायऱ्या दोराच्या होत्या, एकूण चौतीस. प्रत्येक पायरी दोन्ही टोकांना पाहायची, हाताने ओढायची, तिच्यावर पूर्ण भार टाकायचा आणि मग निकाल द्यायचा, असे मी ठरवले होते. मी वरून सांगे, ती लिहून घेई.

“सातवी. ठीक.”

“सातवी, ओके.”

“ओके लिहू नकोस. ठीक लिही.”

“मला मराठी लिहिता येत नाही, आजोबा.”

“मग इंग्रजीत पूर्ण वाक्य लिही.”

तिने लिहिले. अध्यक्षांनी दरम्यान ध्वनिक्षेपक हाती घेतला होता आणि माझ्या प्रत्येक पायरीचे निवेदन सुरू केले होते. खाली सर्वांना ते दिसत होते, तरीही. आठव्या पायरीनंतर टाळ्या पडू लागल्या. मी त्या थांबवायला सांगितले, कारण टाळ्यांत दोराचा आवाज ऐकू येत नव्हता. निवेदन मात्र चालू राहिले.

तेविसाव्या पायरीवर दोष सापडला. डाव्या टोकाची बांधणी झिजली होती. सुतळीचे तीन फेरे तुटून एक उरला होता. मी थांबलो.

“ही नापास.”

मुकादम खालून म्हणाला की त्याने स्वतः महिन्यापूर्वी प्रत्येक पायरी पाहिली आहे. मी बाजूला झालो. तो वर आला आणि त्याने बांधणीत बोट घातले. मग त्याने खिशातून सुतळी आणि सुरी काढली आणि तिथेच लोंबकळत नवी बांधणी सुरू केली. काम त्याने सावकाश केले. घाई कर असे त्याला मी सांगणार नव्हतो.

“किती वाजले?” मी खाली विचारले.

“दोन वीस,” नात म्हणाली. एवढेच म्हणाली. कागद तिने दोन्ही हातांनी धरला होता.

बांधणी पुरी झाली. मी ती ओढून पाहिली आणि तेविसावी ठीक असल्याचे सांगितले. उरलेल्या अकरा पायऱ्यांत दोष नव्हता. फळीवर पाय ठेवला तेव्हा तीनला पंधरा मिनिटे होती. फळीचे सहा बोल्ट होते. मी हातोडी कमरेला बांधून नेली होती. सहाही ठोकले. मग मधोमध उभा राहिलो, दोनदा उडी मारली आणि फळी हलत नाही याची खात्री केली. मी उडी मारल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले.

आता सही करायला खाली यायला हवे होते. खाली येण्यास लागणारा वेळ मी हिशेबात धरला नव्हता. तेहतीस वर्षांत मला वेळेची अट कोणी घातली नव्हती. उलट, लोक माझी वाट पाहत. मी खाली वाकून कप्तानला सांगितले की संमतीपत्र वर पाठवावे. मुकादमाने पायऱ्यांवरूनच दोर सोडला. नातीने बटाटेवड्यांची रिकामी बादली त्याला बांधली, कागद आणि पेन आत ठेवले, आणि ती वर आली. कागदाला तेल लागले होते.

मी कागद पुन्हा वाचला. न वाचता मी सही करीत नाही. मग मुलाच्या ओळीखाली इंग्रजीत लिहिले: पुढची डोलकाठी तपासली. तेविसावी पायरी दुरुस्त करून घेतली. वापरण्यास योग्य. फळीवर एका वेळी एकच व्यक्ती. सही केली, हुद्दा लिहिला, हुद्द्यापुढे ‘निवृत्त’ लिहिले आणि बादली खाली सोडली.

कप्तानने कागद वाचला. नात पट्टा बांधून पायऱ्यांशी उभीच होती. तिने पहिल्या पायरीला हात घातला, तेव्हा कप्तानने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“इथे लिहिले आहे, एका वेळी एकच. वर तुझे आजोबा आहेत.”

अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक खाली केला.

“आजोबा,” नात खालून म्हणाली, “तुम्ही खाली या ना. लवकर.”

सात मिनिटे उरली होती. मला खाली येण्यास अर्धा तास लागला असता, आणि ते मुकादमालाही दिसत होते. एकच व्यक्ती असे मी लिहिले, त्याला कारण होते. फळीवर मी एकटा उभा राहून पाहिले होते. जेवढे तपासले तेवढेच लिहायचे, हा नियम. वहीत चार माणसांची नोंद होती, पण ती वहीत होती. दोन माणसांचा भार त्या फळीवर मी पाहिलेला नव्हता. नोकरीत असताना असे कागद सुधारून मागायला कितीतरी लोक आले. कोणाचा हंगाम चालू असे, कोणाचे कामगार बसून असत. मी एकाही कागदात एक अक्षर बदलले नाही.

“कागद वर पाठवा,” मी म्हणालो.

मुकादम माझ्याकडे पाहत होता. बादली वर आली. ‘एकच’ या शब्दावर मी आडवी रेघ मारली, वर ‘दोन’ लिहिले आणि शेजारी छोटी सही केली. बादली खाली गेली. कप्तानने वाचले, घड्याळ पाहिले आणि नातीच्या खांद्यावरचा हात काढला.

ती चार मिनिटांत वर आली. पायऱ्या मोजल्या नाहीत, बांधणी पाहिली नाही, कुठे थांबली नाही. तेविसाव्या पायरीवर तिचा पाय पडला तेव्हा मी त्या पायाकडे पाहत होतो. मग तिचे हात फळीच्या काठावर आले, आणि ती उभी राहिली.

फळी हलली नाही.

“स्वीट अ‍ॅज,” ती म्हणाली. हे भाषांतरित होत नाही. सगळे उत्तम आहे असा त्याचा सुमारे अर्थ.

“पट्ट्याची कडी अडकव,” मी म्हणालो.

“अडकवली आहे.”

मी कडी पाहिली. अडकवलेली होती. खाली कप्तानने तीनची घंटा वाजवली. घंटेखालच्या दोन मुली उठून बसल्या, आजूबाजूला पाहिले आणि विचारले की निघायला किती वेळ आहे. दूर रंगीटोटो बेट दिसत होते. नात माझ्या बाजूला उभी राहून ते पाहत होती आणि मी बोल्ट पाहत होतो. दोन माणसांखाली त्यांचे काय होते हे मला पाहायचेच होते. काही झाले नाही.

तिला कप्तानने लगेच खाली बोलावले. माझे गुडघे अध्यक्षांच्या अंदाजाप्रमाणे वागले. मुकादमाने माझा एकेक पाय हाताने धरून पायरीवर ठेवला आणि मी खाली पोहोचलो तेव्हा जहाज धक्क्याला लागून पंचवीस मिनिटे झाली होती. तोपर्यंत मुले जागी झाली होती, उरलेले वडे खात होती, आणि त्यांचे आईवडील त्यांना दिवस कसा गेला हे सांगत होते.

मुलगा आम्हाला न्यायला आला होता. नातीने यादीतले आपले नाव त्याला दाखवले. त्याने संमतीपत्र मागितले आणि ते गाडीच्या छतावर ठेवून वाचले.

“बाबा, इथे खोडलंय कोणी?”

“मी.”

“तुम्ही?”

“खाली सही आहे.”

त्याने सही पाहिली. मग कागदाची घडी केली आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला. कागदाला तेल आहे हे मी त्याला सांगितले, पण त्याने तो काढला नाही. टाकानिनीपर्यंत नात मागच्या सीटवर बोलत होती. तिला बरेच सांगायचे होते.

जुलैत ती दहा दिवस समुद्रावर गेली. ते दहा दिवस मी रोज सकाळी वर्तमानपत्रातला वाऱ्याचा रकाना वाचत असे. चौथ्या दिवशी वारा जास्त होता. त्या दिवशी मी तो दोनदा वाचला.